न पचलेलं दूध

दूधवाल्या वहिनींच्या मुलीलाच दूध पचत नाही हे कळलं, तेव्हा गल्ली चार दिवस हसली. वहिनीही हसल्या, न हसून करतात काय. गिऱ्हाइकांची थट्टा त्यांच्या मनाला लागली नाही. लागलं ते वेगळंच. जे इतकी वर्षं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्यांच्या धाकट्या जावेला एका आठवड्यात कळलं होतं.

वहिनींचं दुकान खाली आणि घर वरच्या मजल्यावर. उजाडायच्या आत दुधाची गाडी यायची. क्रेट उतरवून घेणं, फुटक्या पिशव्या बाजूला काढणं, पहिल्या गिऱ्हाइकाला झोपाळू डोळ्यांनी हसणं हे सगळं त्यांचंच. नवरा सायकलवरून घरोघर दूध पोचवायला जायचा. दुधाच्या बाबतीत वहिनींचा शब्द शेवटचा, हे नवराही मानायचा आणि गल्लीही.

मुलीचं नाव काहीही असो, तिला सगळे खारू म्हणायचे. पुढचे दोन दात मोठे, आणि सारखं काहीतरी कुरतडत असायची. पेन्सिल, वेणीचं टोक, काही नाहीच मिळालं तर फ्रॉकचा पट्टा. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी वहिनी दुकान नवऱ्याच्या हवाली करून वर यायच्या आणि पहिल्या क्रेटमधलं दूध तापवून पेलाभर तिच्या हातात द्यायच्या. खारू नाक दाबून पिऊन टाकायची. तळाशी दोन घोट मात्र राहायचेच, तिथे तिचा हट्ट चालायचा.

आणि दोन तासांनी शाळेत तिच्या पोटात कळा सुरू व्हायच्या. कधी पोट फुगायचं, कधी तासाच्या मधेच बाहेर पळावं लागायचं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. पुढच्या खेपेला अभ्यासाचा ताण म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, नाटकं आहेत, गणिताच्या तासालाच कसं दुखतं. वहिनींना वाटलं पोरगी अशक्त आहे, म्हणून त्यांनी पेला मोठा केला.

धाकटी जाऊ घरात येऊन दोन वर्षं झाली होती. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. मागच्या खोलीत ती आणि भाऊजी राहायचे. वागायला सरळ, कामाला हात लावणारी, मोठ्यांना उलट उत्तर न देणारी. तिच्यात खोट काढायची म्हटलं तर सापडत नव्हती, आणि वहिनींना नेमकं तेच डाचायचं. चिडायला काही कारण द्यावं तरी माणसानं.

त्या वर्षी वहिनींच्या आईचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आठवडाभर माहेरी जावं लागलं. जाताना त्यांनी जावेला दहादा बजावलं, काही विसरलीस तरी चालेल, खारूचं दूध विसरू नकोस. परत आल्या तेव्हा अजून पायात चपला होत्या, हातात पिशवी होती, आणि खारू जिना उड्या मारत खाली आली. गाल वर आले होते. ती म्हणाली, "आई, माझं पोट आता दुखतच नाही. काकूनं शोधून काढलं."

काकूनं पहिल्याच सकाळी विचारलं होतं, कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं, सुट्टीच्या दिवशी उशिरा दूध प्यायलीस तर दुखणंही उशिरा येतं का. वहिनींनी हे प्रश्न कधी विचारले नव्हते. मग काकूनं दूध बंद केलं, अंडं आणि भाजलेला पाव दिला, आणि दुखणं गेलं.

जावेनं वहिनींना बसवून नीट समजावून सांगितलं. दुधात एक साखर असते. ती साखर अशीच्या अशी पचत नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतात. ते करणारा एक रस आतड्यात तयार होतो. काही मुलांच्यात लहानपण सरलं की तो कमी होत जातो. मग ती साखर तशीच पुढे जाते आणि पोटात गोंधळ घालते. हा काही आजार नाही, जगात अशी माणसं ढिगानं आहेत.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोरीला विष पाजत होते, असंच ना?" वहिनी म्हणाल्या.

"तसं कुठं म्हटलं मी, वहिनी."

आणि खरंच, तसं ती म्हणाली नव्हती. भांडायचीही सोय ठेवली नव्हती तिनं.

तेव्हापासून वहिनींच्या मनात एक काटा रुतला तो रुतलाच. त्या दुकानात बसायच्या पण कान वर लागलेले असायचे. खारू आधी शाळेतून आली की दुकानाच्या फळीवर बसून दिवसभराचं सगळं सांगायची, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची चप्पल तुटली. आता दप्तर फेकून ती मागच्या खोलीकडे पळायची, काकू ड्यूटीवरून आली का बघायला. जेवताना प्रत्येक वाक्यात काकू. काकू म्हणते पाणी जास्त प्यावं. काकू म्हणते झोपण्याआधी वाचू नये. वहिनींनी तीच गोष्ट शंभरदा सांगितलेली असायची, पण जावेच्या तोंडून आली की ती म्हणे विज्ञान.

त्यातच शाळेत विज्ञान प्रदर्शनाची टूम निघाली. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, पुस्तकातलं मॉडेल नको, आपल्या घरातला प्रश्न घ्या. खारूला घरातला प्रश्न शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं. औषधाच्या दुकानात तो रस थेंबांच्या रूपात मिळतो. दुधात थेंब टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की साखरेचे तुकडे आधीच होऊन जातात. मग असं दूध तिला पचतं का, ते तिला स्वतःवरच करून बघायचं होतं.

संध्याकाळी वहिनींच्याच ओट्यावर प्रयोगशाळा थाटली जायची. लघवीतली साखर तपासायच्या सासूबाईंच्या पट्ट्या होत्या, त्या खारू दुधात बुडवायची. साध्या दुधात पट्टी होती तशीच राहायची. थेंब टाकलेल्या दुधात तिचा रंग हिरवा व्हायचा, म्हणजे साखर फुटली. पहिल्यांदा रंग बदलला तेव्हा काकू-पुतणी अशा काही हसल्या की खाली गिऱ्हाईक विचारायला लागलं, आज काय विशेष. वहिनी म्हणाल्या, काही नाही, पोरखेळ चाललाय. पण त्यांच्या हातातली पिशवी दोनदा निसटली. स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला त्यांना निमित्त काढावं लागत होतं. भांडं ठेवायला म्हणून त्या वर जायच्या, दोघींची डोकी एकत्र आलेली दिसायची, आणि बोलणं थांबायचं नाही, फक्त जरा हळू व्हायचं. ते हळू होणं त्यांना जास्त झोंबायचं.

प्रयोगात एक अडचण होती. कुठलं दूध पितोय हे आधी कळलं तर मन फसवतं, असं बाईंनी सांगितलं होतं. थेंबांचं दूध गोड लागतं, त्यामुळे चवीवरून कळायचं. म्हणून दोन्ही बाटल्यांत कोको आणि साखर घालायचं ठरलं. घरातली साखर त्या पट्टीवर दिसत नाही, तेवढं काकूनं पाहून ठेवलं होतं. थेंब टाकलेल्या दुधाच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. खारूनं सकाळी बाहेर थांबायचं, कोणीतरी आत दोन्हींपैकी एका बाटलीतलं दूध पेल्यात ओतून द्यायचं, आणि संध्याकाळी पोटाचं कसं झालं ते भिंतीवरच्या कागदावर हसरं किंवा रडकं तोंड काढून नोंदवून झालं, की मगच सांगायचं कुठलं होतं.

हे कोणी करायचं, यावर दोघींचं बोलणं चाललेलं वहिनींनी जिन्यात ऐकलं. काकू म्हणत होती, मी नको, मला काय व्हावंसं वाटतं ते माझ्या चेहऱ्यावर दिसेल. त्यावर खारू म्हणाली, "आईच बरी. तिला यातलं काही कळत नाही आणि पडलेलंही नाही. ती आपली ओतेल आणि गप्प बसेल."

पोरगी वाईट मनानं बोलली नव्हती, हे वहिनींनाही कळत होतं. पण त्या जिन्यात कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि वर न जाता परत दुकानात जाऊन बसल्या.

काम त्यांनी घेतलं आणि चोख केलं. एक दिवस लाल दोऱ्याचं, मधे विश्रांती, मग बिनदोऱ्याचं, मग पुन्हा मनाला येईल तसं. बिनदोऱ्याचं दूध त्या अर्धाच पेला द्यायच्या, कळ फार यायला नको म्हणून काकूनंच तसं सुचवलं होतं. मग तुलना सारखी राहावी म्हणून दुसरंही अर्धाच पेला. संध्याकाळी खारू तोंड काढायची आणि वहिनी सांगायच्या. प्रत्येक वेळी जुळायचं. हसरं तोंड, लाल दोरा. रडकं तोंड, बिनदोऱ्याचं. खारू नाचायची, आणि नाचत जायची ती काकूच्या गळ्यात पडायला. वहिनी पेला विसळायला लागायच्या.

प्रदर्शन जवळ आलं तशी खारू बोलायची तयारी करायला लागली. एका संध्याकाळी तिनं घरातल्या सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि हात मागे बांधून बोलून दाखवलं. छान बोलली. भाऊजींनी टाळी वाजवली. शेवटी ती म्हणाली की हा प्रकल्प विज्ञानाच्या बाईंच्या मार्गदर्शनामुळे झाला, पट्ट्या दिल्याबद्दल आजीचे आभार, आणि सगळ्यात जास्त आभार काकूचे, कारण मला काय होतंय हे पहिल्यांदा तिनं ओळखलं, त्याआधी कोणी ओळखलं नव्हतं.

कोणी ओळखलं नव्हतं. बैठकीत त्या वेळी वहिनी भाऊजींच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. सासूबाई आपल्या पट्ट्यांबद्दल काहीतरी म्हणाल्या, नवरा हसला, जाऊ मान खाली घालून बसली होती. वहिनींनी सगळ्यांचे कप गोळा केले आणि आत नेऊन ठेवले. त्यांचा तिळपापड झाला होता. नऊ महिने पोटात वाढवलं ते कोणी ओळखलं नव्हतं? गोवरात पोरीच्या उशाशी बसून राहिलं ते कोण? आणि ही कालची आलेली, हातात रबरी मोजे घालून लोकांची लघवी बघणारी, ती सगळ्यात जास्त?

दुसऱ्या दिवशी सकाळी खारू बाहेर थांबली होती. वहिनींनी फ्रिज उघडला. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी. त्यांनी बिनदोऱ्याची घेतली आणि पेला भरला. अर्धा नाही, पूर्ण. मग लाल दोऱ्याच्या बाटलीतलं तेवढंच दूध मोरीत ओतून टाकलं. त्या स्वतःला सांगत होत्या की खरं काय ते एकदा दिसू दे. मनाचेच खेळ असतील तर भरलेला पेला बघून पोरीला थेंबांचं वाटेल आणि काही होणार नाही. झालंच काही, तर लाल दोऱ्याचं होतं म्हणून सांगायचं, म्हणजे थेंब काही खरे नाहीत आणि जावेचं विज्ञानही खरं नाही, हे सगळ्यांना कळेल. दोन्हीकडून आपलंच खरं ठरणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांना आवडलंही.

"आज भरलेला का?" खारूनं विचारलं.

"शेवटचे दिवस आहेत. नीट कळू दे," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे थेंबांचंच असणार. साधं तू एवढं देणार नाहीस," म्हणत ती प्यायली. तळाशी दोन घोट ठेवून पेला ओट्यावर ठेवला आणि दप्तर घेऊन पळाली.

शाळेतून फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. खारूला मैदानावर कवायत चालू असताना कळा आल्या, ती वाकून खाली बसली, आणि बाईंनी तिला आत न्यायच्या आधीच कपडे खराब झाले. सगळ्या वर्गासमोर. वहिनी दुकान तसंच टाकून धावल्या. शाळेच्या विश्रांतीच्या खोलीत खारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. कोणीतरी दिलेला मोठा पायजमा अंगात होता. वहिनींना बघून तिनं त्यांच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि घरी येईपर्यंत सोडलं नाही. वहिनी वाटभर तिला जपून चालवत होत्या. पण खोटं कशाला बोला, मनात कुठंतरी एक आवाज म्हणत होता, बघू आता काकू काय म्हणते.

संध्याकाळी खारूनं अंथरुणातूनच विचारलं, "कुठलं होतं?"

"लाल दोऱ्याचं," वहिनी म्हणाल्या.

खारूचा चेहरा उतरला, तो दुखण्यानं उतरला नव्हता तेवढा. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं की मला आधीपासून शंका होती, थेंबांनी कुठं पोटं सुधारतात. भाऊजी बायकोकडे बघायला लागले. जाऊ नुकतीच कामावरून आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. ती तडक स्वयंपाकघरात गेली. वहिनी तिच्या मागोमाग गेल्या. तिचा पडलेला चेहरा त्यांना जवळून बघायचा होता.

ओट्यावर सकाळचा पेला तसाच होता. घाईत विसळायचा राहून गेला होता. जावेनं डबीतून एक पट्टी काढली आणि तळाच्या दोन घोटांत बुडवली. मग फ्रिज उघडून लाल दोऱ्याच्या बाटलीत दुसरी बुडवली. दोन्ही पट्ट्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या. एक होती तशीच. दुसरी हळूहळू हिरवी झाली.

तिनं वहिनींकडे बघितलं. वहिनी काही दूधखुळ्या नव्हत्या, त्या पट्ट्यांचा अर्थ त्यांना इतक्या दिवसांत पाठ झाला होता. आता ही बाहेर जाणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, म्हणून त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

जावेनं दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, पेला विसळून उपडा घातला आणि बाहेर गेली. वहिनींना तिचा आवाज ऐकू आला. ती खारूला सांगत होती की चूक माझी आहे, थेंबांची बाटली मी परवा शेगडीजवळ विसरले होते. हा रस उष्णतेनं मरतो. थेंब बिघडले असणार.

सासूबाई हळहळल्या, एवढी शिकलेली बाई आणि एवढी बेफिकीर. नवरा म्हणाला, होतं कधीकधी. आणि खारू अंथरुणातून उठली, काकूच्या जवळ गेली आणि तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "असू दे गं काकू. तू मुद्दाम थोडंच केलंस."

वहिनींनी ते दारातून बघितलं. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की मत्सराची हद्द झाली. पण हद्द ही होती. त्यांनी केलेला गुन्हा त्या बाईनं स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, आणि त्याबद्दलची मिठीसुद्धा तिलाच मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता खारूनं नवं दूध घेतलं, त्यात तेच थेंब टाकले, आणि संध्याकाळपर्यंत थांबून पट्टी बुडवली. पट्टी हिरवी झाली. थेंब ठणठणीत होते. ती खाली दुकानात आली आणि फळीवर बसली. कितीतरी दिवसांनी बसली होती. वेणीचं टोक दातात धरून म्हणाली की काकूचं काही चुकलेलं नाही, थेंब चांगले आहेत. म्हणजे माझंच चुकलं. आधी जुळत होतं ते योगायोगानं असेल, नाहीतर मला वाटत होतं म्हणून. मी बाईंना सांगणार आहे की माझं नाव काढा, जे जुळत नाही ते मी लोकांना कसं सांगू.

वहिनी म्हणाल्या, बघू.

जाऊ कामावरून आली तेव्हा वहिनींनी तिला दुकानाच्या मागे बोलावलं, जिथे रिकामे क्रेट रचून ठेवलेले असायचे. विचारलं, सांगितलं का नाहीस.

जाऊ म्हणाली, "माझ्यावर चिडली असती तर चार दिवसांत विसरली असती. तुमच्यावर चिडली असती तर विसरली नसती. म्हणून."

"एवढी चांगली होऊ नकोस माझ्यासमोर," वहिनी म्हणाल्या. "मला सहन होत नाही."

"मी चांगली नाहीये. मला तुमचा भयंकर राग आलाय. अजून आहे." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आणि दुसरंही सांगते. काल शाळेतून फोन कुणाला आला? माझं हॉस्पिटल शाळेला लागून आहे. बाईंनी तिला विचारलं होतं, काकूला बोलावू का, लगेच येतील. ती नको म्हणाली. म्हणाली, आईला बोलवा. हे बाईंनीच मला आज सांगितलं. दिवसभर मला तेच खात होतं. एवढं सगळं मी करते, आणि दुखलं की आई."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. आपल्याकडे जे आहे ते कोणाला हवंसं वाटत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रिकाम्या क्रेटवर त्या खाली बसल्या. जाऊ उभीच होती. ती म्हणाली, मी आता आणखी खोटं बोलणार नाही, तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, आणि वर निघून गेली.

वहिनी लगेच उठल्या. थांबलं तर पुन्हा काहीतरी कारण सापडेल, हे त्या स्वतःला चांगल्या ओळखून होत्या. खारू ओट्याशी बाटल्या धूत होती. वहिनींनी सांगितलं, "कालचा पेला लाल दोऱ्याचा नव्हता. मी बिनदोऱ्याचं दिलं आणि तुला खोटं सांगितलं."

खारूनं आधी बाटली खाली ठेवली. तिचे डोळे चमकले. "म्हणजे जुळतंय!" ती म्हणाली. "म्हणजे सगळं जुळतंय!"

आणि मग हळूहळू ते हसू विरलं. "चुकून दिलंस?"

"नाही."

"मुद्दाम?"

वहिनींनी होकाराची मान हलवली. का, असं पोरगी विचारेल म्हणून त्यांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. पण तिनं विचारलं नाही. कदाचित तिला ते ठाऊक असावं. ती फक्त म्हणाली, "सगळे बघत होते, आई. सगळा वर्ग," आणि तोंड फिरवून पुन्हा बाटली घासायला लागली. घासून झालेलीच बाटली.

त्यानंतर ती वहिनींशी कामापुरतं बोलायची. हो, नाही, शाळेला जाते. दूध ओतायचं काम तिनं आजीला दिलं. सासूबाईंना काय झालं ते नीट कोणी सांगितलं नाही, पण त्यांना बढती मिळाल्यासारखं वाटत होतं. सकाळी त्या चष्मा लावून फ्रिज उघडायच्या आणि वहिनींना म्हणायच्या, तू जरा बाहेर थांब, प्रयोग आहे. वहिनी बाहेर थांबायच्या.

प्रदर्शनाच्या दिवशी दुकान अर्धा दिवस नवऱ्यावर सोपवून वहिनी गेल्या. शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. कुठं पाणी गाळायचं यंत्र, कुठं बटाट्यावर लागलेला दिवा. खारूच्या टेबलामागे हसऱ्या-रडक्या तोंडांचा कागद लावलेला होता. जाऊ टेबलाच्या एका बाजूला उभी होती. वहिनी जरा मागे, खांबाजवळ उभ्या राहिल्या.

परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी कागद नीट वाचला आणि एका रडक्या तोंडावर बोट ठेवलं. इथं आधी लाल लिहिलंय, मग खोडून बिनदोऱ्याचं केलंय, ते का?

वहिनींना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

खारू म्हणाली, "त्या दिवशी घरातून मला चुकीचं सांगितलं गेलं होतं. आणि सकाळी पेला भरलेला बघूनच मला वाटलं होतं की मी थेंबांचं दूध प्यायलेय. मला काही होणार नाही अशी माझी खात्री होती. तरी दुखलं. म्हणजे हे मनाचं नाही, हे त्यातून उलट जास्त पक्कं कळलं."

"कोणी सांगितलं चुकीचं?"

खारूनं एकदा खांबाकडे बघितलं. "तो माझ्या प्रकल्पाचा भाग नाही, सर," ती म्हणाली.

गृहस्थ हसले आणि पुढे गेले. बक्षीस बटाट्याच्या दिव्याला मिळालं. खारूच्या हाती नुसतं प्रमाणपत्र आलं. आभार मानताना तिनं बाईंचे मानले, आजीचे मानले, काकूचे मानले. वहिनी टाळ्या वाजवत राहिल्या. जळलं आतून, नाही कशाला म्हणायचं, पण टाळ्या त्यांनी थांबवल्या नाहीत.

दुपारी घरी आल्या, नवऱ्याकडून दुकान ताब्यात घेतलं, नवं दूध लावून घेतलं आणि गर्दी ओसरल्यावर वर आल्या. घरात शांत होतं. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर जाऊ भिंतीला टेकून बसली होती आणि खारू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, शाळेच्याच कपड्यांत. जाऊ तिच्या वेण्या सोडत होती.

वहिनी दारात थबकल्या. एरवी त्या अशा वेळी मागे वळायच्या आणि भांडी आपटायच्या. आज पाय वळले नाहीत. त्या आत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या, कोणी बस म्हटलं नव्हतं तरी.

जावेनं त्यांच्याकडे बघितलं. मग जरा आत सरकली आणि जागा केली. "पाय घ्या तिचे," ती हळूच म्हणाली. "लोंबकळतायत."

वहिनींनी खारूचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि मोज्यांवरून हात फिरवला. मग मोजे काढले. खारू झोपली असावी असं वाटत होतं, पण नव्हती.

"आई, हात किती गार आहेत तुझे," ती डोळे न उघडता म्हणाली.

"क्रेट उचलून आलेय," वहिनी म्हणाल्या, आणि हात काढून घ्यायला लागल्या.

खारूनं पाय मागे घेतले नाहीत.